स्वतःच्या शेतात तितर-लावा मारता येतो का? बंदूक, काडतूस आणि छर्ऱ्यांचे नियम, सुरत-नंदुरबार पट्ट्यातल्या वाचकांसाठी

भेस्तान (सुरत) : दिवाळीला गावी जाऊन आलेल्या एका वाचकाचा फोन आला. भेस्तानला लूमवर काम करतो, गाव नंदुरबारकडचं, शेती वडिलोपार्जित. विचारत होता, "भाऊ, काकांची एकनळी बारा बोर माळ्यावर पडलीय. काका जाऊन सहा वर्षं झाली. ज्वारीत तितरांचे थवे उतरतात. शेत आपलं, बंदूक आपली. छर्रा कितव्या नंबरचा घेऊ, आणि काडतूस सुरतेत मिळेल की नंदुरबारला?"

प्रश्न साधा वाटतो. पण त्यात चार वेगवेगळे कायदे गुंतलेत आणि त्यानं ठरवलं होतं ते केलं असतं तर पठ्ठ्या दोन राज्यांत आरोपी झाला असता. असे फोन दरवर्षी हिवाळ्यात येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

आधी उत्तर

भारतात आज तितर, लावा, बटेर, होला, रानबदक, पखुर्डी यांच्यासाठी कुठलाच छर्रा "चालत" नाही. शेत सरकारी असो की सातबाऱ्यावर तुमचं नाव असो, फरक पडत नाही. जमीन तुमची, तिच्यावर उतरलेलं पाखरू तुमचं नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नं शिकारीला बंदी आहे, आणि कलम ३९ प्रमाणे मारलेला किंवा पकडलेला वन्यप्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. म्हणजे परवानगी घेऊन मारलेलं जनावरसुद्धा घरी नेता येत नाही.

शिकार म्हणजे फक्त बंदूक, असा मोठा गैरसमज आहे. कायद्यातली व्याख्या फार रुंद आहे. मारणं, विष घालणं, पकडणं, फासे लावणं, हाका घालून पाखरं जाळ्याकडे नेणं, आमिष टाकणं, यातलं काहीही आणि त्याचा नुसता प्रयत्नसुद्धा. पक्ष्यांच्या बाबतीत अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हेही त्यात येतं. गलोल, नायलॉनचं जाळं, कीटकनाशकात भिजवलेले दाणे, सगळं एकाच माळेचे मणी.

मग जुनी माणसं मारायची ती कशी?

माझ्या लहानपणी, १९८८-८९ च्या सुमाराला, आजोळी हिवाळ्यात लाव्याचा रस्सा व्हायचा. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. शिकारीचा परवाना होता की नाही कोण जाणे, आम्ही पोरं कशाला विचारतोय.

पण परवाना मिळायचा हे खरं. १ मे १९६० पर्यंत सुरत काय आणि धुळे काय, सगळं एकाच मुंबई राज्यात होतं आणि दोन्हीकडे १९५१ चा मुंबईचा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायदा चालायचा. पुढे १९७२ चा केंद्रीय कायदा आला, तेव्हा त्यातही शिकारीचे परवाने होते. तितर, लावा, बदक ही मंडळी चौथ्या अनुसूचीत, "लहान शिकार" या सदरात. परवाना, हंगाम, बंदीचा काळ, सगळं ठरलेलं.

त्या मूळ कायद्यातलं कलम १७ आज वाचलं तर गंमत वाटते. सूर्यास्त ते सूर्योदय शिकार नाही. मोटारीतून नाही. पाणवठ्यावर दबा धरायचा नाही, पण पखुर्डी आणि पाणपक्ष्यांना ही अट नव्हती. कुत्री घेऊन शिकार नाही, अपवाद पाणपक्षी, चकोर, तितर आणि लावा. खासगी जमिनीवर मालकाच्या किंवा कसणाऱ्याच्या संमतीशिवाय नाही. मोठ्या जनावरासाठी रायफलच पाहिजे, छर्ऱ्याची बंदूक वापरायची तर परवान्यात तशी खास मुभा आणि एकच गोळी असलेलं काडतूस. म्हणजे आपल्या वाचकानं विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एके काळी कायद्यात होती. गावोगाव "मालकाची परवानगी असली की चालतं" असं जे बोललं जातं, त्याचं मूळ बहुतेक इथंच.

१९९१ ची दुरुस्ती त्या वर्षी २ ऑक्टोबरला अमलात आली आणि हे सगळं गेलं. परवान्याचं कलम १० गेलं, कलम १७ च्या अटी गेल्या, बंदी सरसकट झाली. गावात मात्र आठवण जुन्या कायद्याचीच राहिली.

२०२२ च्या दुरुस्तीनं (१ एप्रिल २०२३ पासून लागू) अनुसूच्या सहावरून चार केल्या. प्राण्यांसाठी पहिली म्हणजे सर्वांत कडक, दुसरी थोडी सौम्य, तिसरी वनस्पतींची, चौथी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातली. उंदीर, कावळे वगैरे "उपद्रवी" प्राण्यांची जुनी पाचवी अनुसूची आता नाही. मोर, माळढोक, तणमोर पहिल्या अनुसूचीत आहेत. तितर-लाव्यासारखी नेहमीची पाखरं दुसऱ्या.

शिक्षेचा हिशोब

मी कॉमर्सवाला, म्हणून हिशोबच मांडतो. एका तितराचं वजन पाव किलोच्या थोडं वर-खाली. साफ केल्यावर हातात येतं ते त्याहून कमी. दुसऱ्या बाजूला, दुसऱ्या अनुसूचीतल्या पक्ष्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. २०२२ आधी दंडाची ही मर्यादा २५ हजार होती. मोर मारला, किंवा कुठलीही शिकार अभयारण्यात अथवा राष्ट्रीय उद्यानात केली, तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि दंड किमान २५ हजार. मोराच्या प्रकरणात जामीनही सोपा नाही, त्याला कलम ५१-अ ची वेगळी अट आहे.

शिवाय मोटरसायकल, बंदूक, टॉर्च, जाळी जप्त. दोषी ठरलात तर न्यायालय शस्त्रपरवाना रद्द करू शकतं आणि मग पाच वर्षं नवा मागता येत नाही. मांस ताब्यात सापडलं तर ते कायदेशीर आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते, हेही कायद्यातच लिहिलंय. व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो हा पुरावा धरला जातो, हे नव्या पोरांना वेगळं सांगायला नको. तरी टाकतातच.

"हॉटेलात बटेर मिळतं ते कसं?" हाही प्रश्न हमखास येतो. तो पोल्ट्रीसारखा पाळलेला जपानी लावा. रानातून पकडलेली पाखरं "फार्मची" म्हणून विकणं हा सरळ गुन्हा आहे, आणि रस्त्याच्या कडेला टोपलीत जिवंत लावे विकणाऱ्याकडून घेणारासुद्धा त्यात अडकतो.

बंदुकीचा परवाना म्हणजे मारायचा परवाना नव्हे

इथं सगळ्यात जास्त गोंधळ आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये शेतकऱ्याला पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची तरतूद आहे, आणि संरक्षण किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीच्या बिनआट्यांच्या बंदुकीची. परवान्यावर "पीक संरक्षण" असं लिहिलेलं असतं. लोक त्याचा अर्थ लावतात, पिकात आलेलं काहीही मारा. तसं नाही. तो परवाना बंदूक बाळगण्याचा आहे. जनावरावर ती चालवायला वेगळी, लेखी, वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खालची परवानगी लागते, आणि ती मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारीच देऊ शकतो. महाराष्ट्राचं हे कार्यालय नागपूरला, गुजरातचं गांधीनगरला. अर्ज मात्र आपल्या परिक्षेत्र वन अधिकाऱ्याकडेच द्यायचा.

कलम ११ नीट वाचलं तर एक बारकावा दिसतो. दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी उभ्या पिकाचं नुकसान करत असेल तर कारण लिहून परवानगी देता येते. पहिल्या अनुसूचीतल्याला पीकनुकसान हे कारणच चालत नाही, तो माणसाच्या जिवाला धोका असला पाहिजे किंवा बरा न होण्याइतका जखमी अथवा आजारी. म्हणजे मोरानं हरभऱ्याचा, भुईमुगाचा फडशा पाडला तरी मोरावर बंदूक उचलायचा रस्ता कायद्यात नाही. शेतकऱ्याला हे अन्यायाचं वाटतं, आणि त्याचं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही. भरपाईच्या यादीत कुठले प्राणी धरतात हे दोन्ही राज्यांत वेगळं आहे, त्यामुळे नुकसान झालं की फोटो काढून आधी वन कार्यालयात विचारा.

कलम ६२ प्रमाणे केंद्र सरकार एखादा प्राणी ठराविक भागात, ठराविक काळासाठी "उपद्रवी" जाहीर करू शकतं. २०१५-१६ मध्ये बिहारात नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, हिमाचलात माकड यांच्यासाठी असे आदेश निघाले होते. बातमी वाचून कुणी "आता सगळंच खुलं झालं" म्हणत असेल तर त्यावर जाऊ नका.

काडतूस आणि छर्ऱ्याचं गणित

मारायचं नसलं तरी घरात परवान्याची बंदूक असेल तर दारूगोळ्याचे नियम माहीत हवेतच.

"बारा बोर" म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात बसेल ती नळी. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. काडतुसात छर्रे भरलेले असतात. एलजी, एसजी हे मोठे, मग एएए, बीबी, आणि पुढे ४, ६, ८ असे आकडे. आकडा वाढतो तसा छर्रा बारीक होतो. जुने शिकारी पाखरांना ६ किंवा ८ नंबर वापरायचे. तोच आकडा आपल्या वाचकाच्या तोंडात होता, काकांकडून ऐकलेला. ही काडतुसं आपल्याकडे वर्षानुवर्षं पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्यात बनत आली. कारखाना १८६९ चा. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत गेला.

काडतूस फक्त परवानाधारक विक्रेत्याकडून आणि तुमच्या परवान्यावर लिहिलेल्या जातीचंच घ्यायचं. एका वेळी जवळ किती ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची हे परवान्यावर छापलेलं असतं. विक्रेता खरेदीची नोंद परवान्यावर आणि स्वतःच्या वहीतही करतो. शेजाऱ्याकडून "चार दे रे" म्हणून घेतलेली काडतुसं दोघांनाही गोत्यात आणतात. घरी काडतूस भरणं म्हणजे कायद्याच्या भाषेत दारूगोळा बनवणं, त्याला वेगळा परवाना लागतो. ठासणीच्या बंदुकीची दारू आणि टोप्यांनाही कागद लागतात.

परवान्याशिवाय बंदूक किंवा दारूगोळा सापडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं शिक्षा. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, आणि लग्न-वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. आपल्याकडे वरातीत अजून कुणी तरी हौशी निघतोच, म्हणून सांगून ठेवलं.

एअरगनबद्दलही विचारणा होते. कमी ताकदीच्या काही एअरगनना परवाना लागत नाही हे खरं आहे. पण परवाना लागत नाही तो बंदुकीला. तिनं होला मारला तर गुन्हा तोच आणि कलमं तीच. अरुणाचल प्रदेशात पाखरं मारण्यासाठी घरोघर एअरगन होत्या, तिथं २०२१ मध्ये सरकारनं लोकांना त्या स्वखुशीनं जमा करायला लावण्याची मोहीम काढली. आणि एअरगनचंच निघालं म्हणून, आपले सलीम अली पक्ष्यांकडे वळले ते लहानपणी एअरगननं पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे. ती ओळखता येईना म्हणून ते मुंबईच्या बीएनएचएसमध्ये गेले.

हद्द ओलांडताना

उधना-जळगाव मार्गावरच्या नवापूर स्टेशनचा अर्धा फलाट गुजरातेत, अर्धा महाराष्ट्रात. बाकावर बसल्या बसल्या राज्य बदलतं. शस्त्रपरवान्याचंही तसंच आहे. त्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. महाराष्ट्रापुरता परवाना घेऊन बंदूक सुरतेला आणली, अगदी दुरुस्तीलाही, तर फलाटाच्या दुसऱ्या टोकाला ती बेकायदा होते. बंदूक बरोबर न्यायची तर आधी क्षेत्र वाढवून घ्यावं लागतं. बिऱ्हाड सुरतेला हललं असेल तर पत्ता बदलून नव्या ठिकाणी नोंद करावी लागते. सुरत शहरात हे काम पोलीस आयुक्तालयात होतं, भेस्तान त्यातच आलं. नंदुरबारला जिल्हाधिकारी कार्यालयात.

आणखी एक अट फार लोकांना ठाऊक नसते. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ खाली वन विभागाकडेही नोंद करायची असते, आणि त्या टापूत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय नवा शस्त्रपरवाना मिळत नाही. डांगचं पूर्णा, शिरपूरकडचं अनेर, जळगाव जिल्ह्यातलं यावल ही आपल्या पट्ट्यातली अभयारण्यं. आसपास गाव असेल तर तपासून घ्या.

आदिवासी आणि पारधी बांधवांचं काय?

भिल्ल, गामित, कोकणा समाजातले वाचक विचारतात, आमचा परंपरेचा हक्क नाही का? २००६ च्या वनहक्क कायद्यानं परंपरागत हक्क मान्य केले, पण कलम ३(१)(ल) मध्ये शिकार आणि फासे लावण्याचा हक्क स्पष्टपणे वगळला आहे. शिकारीच्या हक्काला हात लावलेला नाही तो फक्त निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींच्या.

फासेपारध्यांचं दुखणं वेगळंच. तितर-लाव्याचे फासे हा त्यांचा पिढीजात धंदा. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी कित्येक जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, तो कायदा १९५२ मध्ये गेला. वीस वर्षांनी नव्या कायद्यानं त्यांचं पोट बेकायदा ठरवलं. बंदूकवाला शहरी हौशी सुटतो आणि चार लावे घेऊन बाजारात बसलेली पारधीण सापडते, असं मी वार्तांकन करताना पाहिलंय. कायदा पाखरांच्या भल्याचाच आहे, पण पर्यायी रोजगाराचं काय, हा प्रश्न अजून उभा आहे.

अमेरिकेतल्या भाच्याचा फोटो

"मग तिकडं कसं चालतं?" तिकडं शिकार परवान्यानं चालते. राज्याचा परवाना, हंगाम, दिवसाला किती पाखरं याची मर्यादा, खासगी जमिनीवर मालकाची परवानगी. बदकांसाठी सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला १९३४ पासून चालत आलेलं केंद्राचं "डक स्टॅम्प" घ्यावं लागतं. स्थलांतरित पाखरांसाठी बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं बसता कामा नयेत. आणि १९९१ पासून, म्हणजे आपल्याकडं बंदी आली त्याच वर्षापासून, पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे संपूर्ण देशात बंद आहेत. कारण पाण्यात पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळतात आणि विषबाधेनं मरतात. डेन्मार्कनं शिशाचे छर्रे १९९६ लाच बंद केले, युरोपीय संघानं पाणथळ जागांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून. पोलादी छर्रे वापरतात. तिकडं काडतुसात कुठला धातू यावर वाद चालतो. आपल्याकडं मुळात काडतूस उडवायचंच नाही, म्हणून तो वाद आलाच नाही.

पिकाची राखण

पाखरं हाकलायला कोणी अडवत नाही. माळा, बुजगावणं, रिकाम्या डब्यांचा आवाज, गोफणीचा फटका हवेत, चमकणारी फीत. फीत पंधरा दिवसांनी जागा बदलून बांधावी, पाखरं सरावतात. पाइपातली कार्बाइडची तोफ मात्र वापरू नका. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपास तिच्यामुळे कितीतरी मुलांचे डोळे गेले. जखमी पाखरू दिसलं तर महाराष्ट्रात वन विभागाचा १९२६, गुजरातेत १९६२.

माळ्यावरची बंदूक

आता आपल्या वाचकाकडं येऊ. त्याला खरा धोका तितराचा नव्हताच, माळ्यावरच्या बंदुकीचा होता. परवाना काकांच्या नावावर, धुळे जिल्हाधिकाऱ्यांचा, कारण नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला आणि परवाना त्याआधीचा. नूतनीकरण थांबलेलं, राष्ट्रीय नोंदणीचा यूआयएन क्रमांक नाही. परवानाधारक गेला की बंदूक आपोआप पोरा-पुतण्याची होत नाही. विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडं जमा करावी लागते. मग वारसाला २०१६ च्या शस्त्र नियमांखाली स्वतःच्या नावानं अर्ज करता येतो. हयात परवानाधारकाचं वय सत्तर झालं असेल किंवा त्याच्याकडं शस्त्र पंचवीस वर्षं असेल, तर तोही जिवंतपणीच वारसाच्या नावानं अर्ज करायला लावू शकतो. घरात म्हातारा परवानाधारक असेल तर हे काम आत्ताच उरका.

त्याला सांगितलं, बंदुकीला हात लावू नको, ट्रेननं सुरतेला तर मुळीच आणू नको. काकूला बरोबर घे. मृत्यूचा दाखला, जुना परवाना, काडतुसं मोजून, लेखी अर्ज आणि त्याची पोच. आधी ठाण्यात फोन करून विचार, बंदूक घेऊन यायचं की ते माणूस पाठवतात. चौथ्या दिवशी त्यानं पोचपावतीचा फोटो पाठवला. बारा बोर एकनळी एक, जुनी काडतुसं नऊ. खाली लिहिलं होतं, "काकू म्हणे सहा वर्षांनी झोप लागली."